नकार देणारा कुठे बसतो?

साकोलीहून एक रस्ता लाखांदूर, वडसा, आरमोरी करत गडचिरोलीला जातो. तिथून पुढे धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं लहानसं गाव आहे. आज आपण नकाराधिकाराचा, म्हणजे ‘व्हेटो’चा इतिहास बघणार आहोत. तो इतिहास रोमपासून सांगतात. पण आम्हाला तो नीट उमगला या गावामुळे.

‘व्हेटो’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी मनाई करतो’. प्राचीन रोममध्ये सामान्य प्रजेचे प्रतिनिधी, ज्यांना ट्रिब्यून म्हणत, ते बड्या अधिकाऱ्यांचा हुकूम अडवू शकत. मात्र त्यांच्यावर एक बंधन होतं. ट्रिब्यूनने शहराबाहेर रात्र काढायची नाही, आणि घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं. नकाराची ताकद दिली, पण लोकांमधून उठून जायची मुभा दिली नाही.

आता पोलंड बघा. तिथल्या संसदेत एका प्रतिनिधीचा विरोधही पुरेसा मानला जाई. 1652 मध्ये सिचिन्स्की नावाच्या प्रतिनिधीने अधिवेशनाची मुदत वाढवायला विरोध केला आणि तो सरळ निघून गेला. समजूत काढायची तरी कुणाची? माणूसच जागेवर नाही! अधिवेशन बुडालं. पुढे हे नेहमीचंच झालं. शेजारची राज्यं पैसे चारून एखादा प्रतिनिधी हाताशी धरत आणि कामकाज बंद पाडत. 3 मे 1791 च्या राज्यघटनेने हा अधिकार रद्द केला, पण तोवर उशीर झाला होता. 1795 मध्ये शेजाऱ्यांनी उरलासुरला देशही वाटून घेतला. कारण हे एकच नव्हतं. पण दुबळेपणा वाढला तो यानेही.

मेंढा-लेखातही निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा विरोध असला तरी ठराव थांबतो. म्हणजे पोलंडचीच गत व्हायला हवी होती ना? झालं उलटंच. 1980 च्या दशकातल्या इंचमपल्ली-भोपालपट्टणम धरणविरोधी आंदोलनानंतर इथे ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा रुजली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने अभ्यास गट सुरू झाले. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

फरक कशात? इथे ‘नाही’ म्हणणारा उद्याही याच गावात असतो. त्याचं जंगल तेच, पाणी तेच. म्हणून त्याला कारण सांगावं लागतं आणि इतरांना ते ऐकावं लागतं. विषय अभ्यास गटात चर्चिला जातो, पुन्हा सभेपुढे येतो.

कुणी म्हणेल, यात वेळ जातो. जातोच. आणि जिथे एकाच घराचा दरारा आहे, तिथे गप्प बसण्यालाच सहमती म्हणायचा धोकाही आहे. म्हणून सर्वांच्या सहमतीआधी सर्वांना बोलता यायला हवं, बायांनाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्यांना 1945 पासून नकाराधिकार आहे. तिथेही एप्रिल 2022 मध्ये महासभेने ठराव केला: परिषदेत कुणी व्हेटो वापरला, की दहा कामकाजाच्या दिवसांत महासभेत त्यावर चर्चा ठेवायची. नकार उलटत नाही, पण निदान कारणं जगासमोर मागता येतात.

आपल्याकडे तलावाचं पाणी असो की सोसायटीचा ठराव, एखादा अडून बसतोच. त्याला ‘आडमुठा’ म्हणण्याआधी आम्ही एवढंच विचारू: तो उठून गेला आहे, की बोलायला अजून बसून आहे? बसून असेल, तर सभा पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या.