यादी कोणाच्या हाती

आमच्या भागातल्या वाचनालयाची सभासद यादी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. ‘तू कॉम्प्युटरवाला, आता तूच बघ,’ म्हणत चिटणीस काकांनी एक लिंक पाठवली. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला अख्खी शीट दिसत होती. नावं, पत्ते, मोबाइल, जन्मतारखा आणि शेवटच्या रकान्यात आधार क्रमांक. पूर्वीच्या कार्यकारिणीतल्या लोकांना त्यात बदलही करता येत होते.

‘आपली यादी कोण चोरणार?’ हा काकांचा प्रश्न तसा रास्त होता. पण सभासद यादीवरून झालेली सगळ्यात गाजलेली लढाई कॉम्प्युटर घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि त्यात यादी मागणारा चोर नव्हताच.

ही गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली. १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखा तिथे १९१८पासून होत्या. १९५६ साली माँटगोमेरीत बसवरचा बहिष्कार चालू असताना राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल जॉन पॅटरसन कोर्टात गेले. संघटना न्यूयॉर्कची, तिने बाहेरची संस्था म्हणून अलाबामात रीतसर नोंदणी केलेली नाही, असा त्यांचा दावा होता. दिसायला निव्वळ कागदपत्रांची भानगड. त्याच दिवशी कोर्टाने संघटनेचं काम थांबवलं आणि पुढे राज्यातल्या सर्व सभासदांची नावं-पत्ते मागितले.

संघटनेने नकार दिला. कोर्टाचा अवमान म्हणून १०,००० डॉलर दंड झाला, आणि पाच दिवसांत तो १,००,००० डॉलरवर गेला. दंड वाढण्याआधी संघटनेने जवळजवळ सगळी कागदपत्रं दिली होती. पदाधिकाऱ्यांची नावं सांगायचीही तयारी होती. साध्या सभासदांची यादी मात्र दिली नाही.

एवढा हट्ट का, ते इतर काही राज्यांकडे पाहिलं की कळतं. साउथ कॅरोलायनाने त्याच वर्षी सरकारी नोकरांना या संघटनेचं सभासदत्व बंद केलं. सेप्टिमा क्लार्क या अनुभवी शिक्षिकेने सभासदत्व सोडायला नकार दिला, तर तिची नोकरी गेली, पेन्शनही गेली. यादीतली एक ओळ म्हणजे एका घरातली चूल.

३० जून १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: यादी देण्याची सक्ती करता येणार नाही. न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालपत्रात नोंदवलं की पूर्वी ज्यांची नावं उघड झाली त्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्यांना धमक्या आल्या होत्या; आणि अशी भीती असेल तर एकत्र येण्याचं स्वातंत्र्य नावापुरतं उरतं. गंमत अशी, की १९२८ साली याच न्यायालयाने कू क्लक्स क्लॅनला यादी द्यायला लावणारा न्यूयॉर्कचा कायदा उचलून धरला होता. क्लॅनच्या हिंसक कारवायांमुळे तिची गोष्ट वेगळी, असं हार्लन यांनी सांगितलं. मला हा फरक पटतो. तरी हत्यारी कोण आणि निरुपद्रवी कोण, हे दर वेळी सत्तेने ठरवायचं म्हटलं की पोटात थोडं कालवतं.

निकाल लागूनही अलाबामातली बंदी उठायला १९६४ उजाडलं. पॅटरसन मधल्या काळात गव्हर्नरही झाले.

तेव्हा यादी कागदावर होती, म्हणून ‘देणार नाही’ म्हणता आलं. आमची यादी पंधरा फोनांवर होती. मागायला कोणी येण्याची गरजच नव्हती. एकाचा फोन हरवला, एकाचा पासवर्ड फुटला, की झालं. शिवाय हल्ली सभासदाचं नाव आणि वर्गणीची तारीख माहीत असलेला भामटा ‘वाचनालयातून बोलतोय’ म्हणाला, तर कुठल्या आजोबांना संशय येईल?

लिंक बंद केली, जुन्या लोकांचे प्रवेश काढले, खात्याला ओटीपी लावला. अर्ध्या तासाचं काम. आधारचा रकाना पुसायला मात्र तीन बैठका लागल्या. कोणी तो कधी वापरला होता का, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी काकाच म्हणाले, ‘नव्या फॉर्मवरची जागाही काढ रे. जागा दिसली की लोक भरतात.’