शोककाव्ये, लोकनेत्यांवरील

सार्वजनिक कार्यातील व्यक्तीच्या निधनानंतर तिच्या गुणगौरवार्थ रचलेली आणि पुस्तिका, सुटे पत्रक किंवा नियतकालिकातील कविता या रूपाने छापलेली काव्ये. विलापिकेचा हा एक उपप्रकार असून ब्रिटिश अमदानीत तो अनेक भारतीय भाषांत रूढ झाला. यात शोक करणारा कवी बहुधा मृताचा आप्त नसतो, हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय. सुतक, दहा दिवसांचे विधी व श्राद्ध यांचा अधिकार रूढीने कुटुंबाकडे व भाऊबंदांकडे असे. मुद्रित शोककाव्याने परक्या वाचकालाही शोक करण्याचा अधिकार मिळवून दिला.

या प्रकारामागे जुनी परंपरा आहे. कालिदासाच्या कुमारसंभवातील रतिविलाप व रघुवंशातील अजविलाप हे संस्कृत काव्यातील प्रसिद्ध नमुने होत. मात्र तेथील शोक पतिपत्नींचा, म्हणजे खाजगी आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधिप्रसंगावरील नामदेवांच्या अभंगांत संतमेळ्याचा सामुदायिक शोक प्रकटला आहे. मराठीपुरते पाहता लोकनेत्यांवरील शोककाव्याला हेच पूर्वरूप अधिक जवळचे म्हणता येईल. इंग्रजी शिक्षणामुळे टेनिसनच्या इन मेमोरियम (१८५०) यासारख्या रचनांचाही परिचय झाला. इतर भाषांत हालीचा गालिबवरील उर्दू मर्सिया, तमिळमधील ‘चरमकवि’ नावाने ओळखली जाणारी रचना आणि चित्तरंजन दास यांच्या निधनानंतरचा काझी नझरूल इस्लाम यांचा चित्तनामा (१९२५) हा बंगाली काव्यसंग्रह ही समांतर उदाहरणे होत.

मुद्रणालये, टपाल, तारायंत्र व लोहमार्ग यांच्या प्रसाराने या काव्याला वाचक मिळवून दिले. मुंबई-पुण्यातील निधनवार्ता जिल्ह्याच्या गावी त्वरित पोहोचू लागली आणि शोकसभा हा सार्वजनिक जीवनाचा परिपाठ बनला. सभेत म्हणावयाच्या पद्यांसाठी साकी, दिंडी यांसारखी गेय वृत्ते सोयीची होती. पंडिती वळणाचे कवी आर्या, शार्दूलविक्रीडित इ. वृत्ते योजीत. प्रारंभी काळाला दूषण, नंतर मृताच्या कार्याचे वर्णन, पुत्रवियोगिनी मातेच्या रूपातील देशाचा विलाप आणि शेवटी सद्गतीची प्रार्थना असा साचा या प्रकारात रूढ होता. मावळलेला सूर्य, विझलेला दीप व उन्मळलेला वृक्ष ही त्यातील नित्याची उपमाने होत.

जोतीराव फुले यांच्या मृत्यूनंतर (१८९०) सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्यावर बावन्नकशी सुबोध रत्नाकर (१८९२) हे काव्य रचले. पत्नीचा वियोग हा त्यामागील प्रसंग असला, तरी कवयित्रीची दृष्टी जोतीरावांच्या सामाजिक कार्यावर स्थिर आहे. यानंतरच्या तीन दशकांत गो. ग. आगरकर (१८९५), न्या. म. गो. रानडे (१९०१), गोपाळ कृष्ण गोखले (१९१५) व लोकमान्य टिळक (१९२०) यांची निधने झाली. संपादक, न्यायाधीश, अध्यापक व समाजसुधारक यांच्यासाठी जनतेने शोक करावा, ही गोष्ट राजे व आश्रयदाते यांच्या स्तुतीची सवय असलेल्या काव्याला नवी होती.

राजकीय परिस्थितीमुळेही या प्रकाराला महत्त्व आले. १८६७ च्या २५ व्या कायद्यान्वये प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देणे आणि सरकारकडे प्रती पाठविणे बंधनकारक होते. कविताही शिक्षेतून सुटत नसे : लघु अभिनव भारतमाला ही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल गणेश दामोदर सावरकर यांना १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अशा काळात मृत नेत्याच्या गुणवर्णनातून जिवंतांच्या आकांक्षा व्यक्त करण्यास वाव मिळे. टिळकांचा मृत्यू आणि असहकारितेच्या चळवळीचा प्रारंभ हे दोन्ही १ ऑगस्ट १९२० या एकाच दिवशी घडले. त्यामुळे त्यांच्याविषयीचा शोक लगेचच चळवळीशी निगडित झाला.

खानदेशात काव्यमुद्रणाला अनुकूल भूमी होती. जळगाव येथून नारायण नरसिंह फडणीस यांनी काव्यरत्नावली हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक १८८७ पासून १९३५ पर्यंत चालविले. फुले यांच्यापासून टिळकांपर्यंतची उपर्युक्त सर्व निधने या मासिकाच्या हयातीतील होत. जळगावलाच १९०७ मध्ये डॉ. का. र. कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले व तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे ‘बालकवी’ म्हणून गौरविले गेले. ऐतिहासिक व राष्ट्रीय कवितेसाठी प्रसिद्ध असलेले विनायक जनार्दन करंदीकर (१८७२–१९०९) हे धुळ्याचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे धुळे येथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले, तेव्हा तेथील चाहत्यांनी त्यांच्या दप्तराच्या जतनासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापिले; शोकाचे संस्थेत झालेले हे रूपांतर उल्लेखनीय आहे. याउलट जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी स्वतःच्या वैधव्याचे दुःख ओव्यांतून मांडले. परंतु त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्येच ग्रंथरूप झाली. एकाच प्रदेशात नेत्यांचा मृत्यू छापखान्याचा विषय झाला असता, शेतकरी स्त्रीचा घरगुती शोक मात्र मौखिकच राहिला.

काव्य म्हणून या रचनांचे मूल्य बहुधा मर्यादित आहे. घाईने केलेली रचना, ठरीव कल्पना व अतिशयोक्ती हे त्यांतील ठळक दोष होत. तथापि कवी मृताच्या कोणत्या गुणांची गणना करतो व कोणते वगळतो, यावरून तत्कालीन समाजाची मूल्ये उमगतात. सभेपुरती छापलेली पत्रके सहसा कोणी बांधून ठेवीत नसे. म्हणूनच जुन्या ग्रंथालयांतील व घरांतील अशा चार-आठ पानांच्या पुस्तिका जपणे इतिहासाच्या दृष्टीने अगत्याचे आहे. नेता गेल्यावर गावोगावच्या सामान्य वाचकाने काय गमावले असे मानले, हे सांगणारी अन्य साधने थोडीच आहेत.