मुळशीच्या काठाकाठानं : पाण्याखालचा इतिहास

आजच्या व्याख्यानासाठी आपण एक रस्ता घेतला आहे. पुण्याच्या चांदणी चौकातून निघायचं, भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकायचं आणि मुळशी धरणाच्या पाण्याला डावी-उजवीकडे वळसे घालत ताम्हिणी घाट उतरून कोकणात जायचं. आपल्यापैकी अनेकांनी ही एका दिवसाची सहल केलेली असेल. पावसाळ्यात धबधब्यांची गर्दी, पण आडवाराला, विशेषतः हिवाळ्यात, हा काठ फार शांत असतो. ही शांतता कुठून आली, हा आजचा प्रश्न.

आधी तलावाचा आकार पाहू. नकाशात मुळशीचं पाणी पंजासारखं दिसतं. डोंगरांच्या मधून त्याचे लांब लांब फाटे आत शिरलेले आहेत. गाडी थांबवून आपण फोटो काढतो तो निवांत, खाडीसारखा भाग म्हणजे असाच एक फाटा. हे फाटे म्हणजे नीळा आणि मुळा या नद्यांची आणि त्यांच्या ओढ्यांची बुडालेली खोरी. मावळात भात होतो तो खोऱ्याच्या तळाशी, जिथे पाणी आणि गाळ साठतो. मुळशीचा आंबेमोहर त्यासाठीच नावाजलेला. उतारावर मात्र नाचणी-वरईच. म्हणजे पाणी चढलं तेव्हा सगळ्यात आधी बुडाली ती सगळ्यात चांगली जमीन.

आता हे पाणी अडवलं का? सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचंड पाऊस पडतो आणि पश्चिमेला कडा एकदम तुटतो. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून बोगद्यातून पश्चिमेला सोडलं, की सुमारे ५०० मीटरच्या उताराची ताकद मिळते. टाटांनी हे तंत्र खोपोलीला १९१५ मध्ये वापरलं, मग भिवपुरीला, आणि तिसरी योजना ही मुळशीची. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुंबईच्या अनेक गिरण्या तोवर कोळशावर अवलंबून होत्या. त्यांना स्वस्त वीज हवी होती, आणि देशी उद्योग उभा राहावा असं पुण्यामुंबईतल्या अनेक राष्ट्रीय विचाराच्या लोकांनाही वाटत होतं. हे लक्षात ठेवू या, कारण पेच इथेच आहे. समोर परका कारखानदार नव्हता. स्वदेशीच्या अभिमानाची कंपनी होती, आणि तिच्यासाठी जमीन घेऊन देणारं सरकार इंग्रजांचं होतं.

योजनेत सुमारे ५० गावं येत होती, माणसं १० हजारांच्या आसपास. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. काम थांबलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहिलं, त्याचा आशय असा की टाटांनी कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावं. सहा महिन्यांचा विराम मिळाला आणि वर्षअखेरीला काम पुन्हा सुरू झालं. मग अटका आल्या. बायकाही तुरुंगात गेल्या.

लढा का मोडला? दडपशाही हे एक कारण. दुसरं जास्त टोचणारं आहे. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्याला कागदावरचा मालक दिसत होता, नांगर धरणारा दिसत नव्हता. सावकाराला नुकसानभरपाई चालत होती, कारण त्याला रोख पैसा मिळत होता. कुळाला पैसा नको होता, खाचर हवं होतं. एकाच जमिनीवर दोघांचा हक्क, पण बुडणार होता एकच. पुण्यातला पाठिंबा हळूहळू विरला तो असा.

डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी काही साथीदारांसह, हत्यारं घेऊन, धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी रुळांवर दगड रचून अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह तिथे संपला. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीनं दिली. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

काही जण म्हणतील, वीज तर मिळाली ना? मिळाली, आणि तिचं मोल आपण नाकारत नाही. पण हिशेबाची दुसरी बाजू मांडायला किती वेळ लागला ते पाहा. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं केला १९७६ मध्ये, म्हणजे सत्याग्रहानंतर ५५ वर्षांनी. खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधितांची संमती लागेल, हा नियम आला २०१३ च्या कायद्यात. मावळे १९२१ मध्ये दुसरं काय म्हणत होते? आधी आम्हाला विचारा, एवढंच.

आता रस्त्यावर परत येऊ. ताम्हिणी उतरून कोलाडकडे आलात की कुंडलिकेवर तराफ्यांचा खेळ चालतो. त्या नदीला उन्हाळ्यातही जोर असतो, कारण भिऱ्याहून सोडलेलं पाणी तिच्यात येतं. मूळचं हे पाणी मुळेचं. त्यानं पुण्याला, पुढे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. आज ते रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे द्यावं ही मागणी अधूनमधून होतेच. म्हणजे मुळशीचा वाद संपलेला नाही, वादी तेवढे बदललेत.

तेव्हा पुढच्या वेळी काठावर गाडी थांबवाल तेव्हा पाण्याबरोबर वरच्या उतारावरची छोटी गावंही पाहा. खोऱ्यातून उठलेल्यांपैकी कित्येक जण तिथेच वर सरकले. आपली खाचरं कुठे होती, हे त्यांच्या घरातून बोट दाखवून सांगता येतं. फक्त तिथे आता तलाव आहे.

आता प्रश्न घेऊ.