कात्री आणि चाबूक

चित्रपटांच्या बंदीचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे सरकारची कात्री कोठें कोठें चालली याची जंत्री बहुधा दिली जाते. कात्रीनें काय कापलें हें सांगणें सोपें असतें, कारण कापणारा आपल्या दप्तरांत त्याची नोंद करून ठेवीत असतो. परंतु जें त्या कात्रीसमोरून उजळ माथ्यानें निघून गेलें त्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. इंग्रजी अमलांतील आपल्या चित्रपटांविषयीं आज जें थोडें बोलावयाचें आहे तें मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयीं आहे. पुराणांतला भक्त, इतिहासांतला राजा आणि पैठणचा संत यांना सेन्सॉरनें दारावर हटकलें. आणि हातांत चाबूक घेऊन आगगाडीच्या टपावर मारामारी करणारी एक बाई मात्र त्याच दारांतून हंसत हंसत आंत गेली. असें कां झालें, आणि पुढें त्या चित्रपटांची काय गत झाली, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम त्या दाराची हकीकत सांगतों. हिंदुस्थानांत चित्रपटांचा कायदा १९१८ सालीं झाला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें परीक्षक मंडळें बसलीं. मुंबईच्या मंडळाचा अध्यक्ष शहराचा पोलीस कमिशनर असे. मंडळाचा हेतु काय होता हें सांगण्यास एवढी एकच गोष्ट पुरेशी आहे. कलेची परीक्षा जेथें पोलिसांकडे असते तेथें चित्र चांगलें कीं वाईट हा प्रश्न गौण असतो. चित्र पाहून बाहेर पडलेला जमाव मुकाट्यानें घरीं जाईल कीं नाहीं, हा खरा प्रश्न असतो.

मंडळें बसून वर्ष होतें न होतें तोंच ‘भक्त विदुर’ आला. साल १९२१. कोहिनूर फिल्म कंपनीचे द्वारकादास संपत हे स्वतः विदुराच्या भूमिकेंत होते आणि दिग्दर्शन कांजीभाई राठोड यांचें होतें. कथा महाभारतांतली, घराघरांत माहीत असलेली. अन्यायी दरबारांत सत्य बोलणारा, राजवैभवाकडे पाठ फिरवून साधेपणानें राहणारा नीतिमान पुरुष म्हणजे विदुर. परंतु पडद्यावर आलेल्या या विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी होती आणि अंगावर खादी होती. रौलट कायद्याची चीड आणि असहकारितेचा वणवा हीं दोन्ही ताजीं असतांना, विदुर कोण आणि कौरव कोण हें ओळखण्यास प्रेक्षकांना क्षणही लागला नाहीं. अधिकाऱ्यांनाही तो लागला नाहीं. कराचीस आणि मद्रासेस चित्रपटावर बंदी आली. राजकीय कारणावरून बंदी आलेला हा आपल्याकडील पहिला चित्रपट मानला जातो.

या प्रकरणांतून सेन्सॉर असें शिकला कीं, पुराणांतल्या वेषांतही आजचा माणूस लपूं शकतो. तेव्हां टोपी, झेंडा, चरखा आणि शब्द यांवर बारीक नजर ठेविली पाहिजे. ती नजर किती बारीक झाली याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलेंच आहे. शिवकालावरचे चित्रपट त्यापूर्वींही निघत होते. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ सालचा. पण कोल्हापुरास १९२९ सालीं स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनें १९३० त जो शिवचरित्रपट काढला त्याचें नांव ‘स्वराज्य तोरण’ असें ठेविलें. दिग्दर्शक शांताराम यांनीं शिवाजी महाराजांची भूमिकाही स्वतःच केली होती. तोरणा किल्ला घेऊन महाराजांनीं स्वराज्याचें तोरण बांधलें, हें वाक्य मराठी मुलाच्या कानांवर अक्षरओळख होण्यापूर्वींच पडलेलें असतें. त्यांत नवें किंवा स्फोटक असें कांहींच नव्हतें. परंतु १९३० हें मिठाच्या सत्याग्रहाचें वर्ष होतें. दांडीयात्रेचीं वार्ताचित्रें दाखविण्यासही मुंबई इलाख्यांत बंदी होती. अशा वेळीं ‘स्वराज्य’ हीं अक्षरें चित्रगृहाच्या दारावर हातभर मोठीं रंगविलेलीं सरकारला कशीं चालावीं? तीनशें वर्षांपूर्वींचा तो शब्द त्या वर्षीं अगदीं आजचा होऊन बसला होता. शेवटीं नांव बदलून ‘उदयकाल’ असें ठेवावें लागलें.

पांच वर्षांनीं हीच गोष्ट पुन्हां घडली. शांताराम यांनींच एकनाथांच्या चरित्रावर बोलपट काढला. नाथांच्या भूमिकेसाठीं साक्षात् बालगंधर्व रंगभूमीवरून पडद्यावर आले. चित्रपटाचें नांव होतें ‘महात्मा’. नाथांनीं अस्पृश्यांना आपलें मानलें, ही कथा. आणि त्यावर हें नांव! सेन्सॉरच्या मनांत कोणता महात्मा उभा राहिला असेल हें सांगावयास नको. १९३५ सालीं तो बोलपट ‘धर्मात्मा’ या नांवानें प्रकाशित झाला. दोन्ही वेळीं नांव गेलें आणि चित्रपट राहिला. इतकेंच नव्हे, तर जें नांव गेलें तें लोकांच्या तोंडीं अधिकच झालें.

येथवरची हकीकत सुशिक्षितांच्या परिचयाची आहे. आतां ज्या चित्रपटांकडे हे सुशिक्षित लोक नाक मुरडून पाहत, त्यांच्याकडे वळूं. १९२७ सालीं सरकारनें दिवाणबहादुर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं चित्रपट चौकशी समिति नेमिली. तिनें देशभर हिंडून ३५३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या. हिंदुस्थानांत सर्वांत लोकप्रिय झालेला चित्रपट म्हणून समितीच्या पाहण्यांत आला तो डग्लस फेअरबँक्सचा ‘थीफ ऑफ बगदाद’. उड्या, तलवारी, उडते गालिचे आणि हंसतमुख नायक! आपल्याकडील निर्मात्यांनीं ही आवड आधींच हेरली होती. १९२५ सालीं निघालेल्या शारदा फिल्म कंपनीनें मास्टर विठ्ठल यांना पुढें आणलें. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झालेला हा मराठी नट थोड्याच वर्षांत ‘हिंदुस्थानचा फेअरबँक्स’ म्हणून गाजूं लागला. त्याची किंमत एवढी वाढली कीं, तो शारदा सोडून निघाला तेव्हां कंपनीनें कराराच्या भंगाबद्दल त्यास कोर्टांत खेंचलें आणि त्याच्या बाजूनें बॅरिस्टर जिना उभे राहिले. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाचा नायकही तोच होता.

या चित्रपटांचा प्रेक्षक म्हणजे गिरणींतला कामगार, गोदींतला हमाल, शाळा चुकविणारीं मुलें. पिटांत बसून शिट्ट्या वाजविणारा हा वर्ग कलेच्या चर्चेंत कधींच मोजला गेला नाहीं. आणि त्यास आवडणारे चित्रपट म्हणजे पोरखेळ, हें घरोघरीं ठरून गेलेलें होतें. नेमकें येथेंच वाडिया बंधूंचें आगमन झालें. जहाजबांधणीसाठीं प्रसिद्ध असलेल्या पारशी घराण्यांतले हे दोघे भाऊ. थोरले जे. बी. एच. वाडिया इंग्रजी वाङ्मयाचे एम. ए. आणि कायद्याचे पदवीधर. धाकटे होमी दिग्दर्शक. १९३३ सालीं त्यांनीं वाडिया मूव्हीटोन ही संस्था काढली आणि परळच्या लवजी कॅसल या पूर्वजांच्या वाड्यांत स्टुडिओ थाटला.

त्यांच्याकडे एक तरुणी आली. मूळ नांव मेरी ॲन इव्हान्स. जन्म १९०८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें. वडील ब्रिटिश फौजेंतले, आई ग्रीक. लहानपणीं ती मुंबईस आली, पुढें पेशावरकडे घोड्यावर बसण्यास शिकली. दुकानांत विक्रेती, सर्कशींत खेळाडू, नृत्यपथकांत नर्तकी असे नाना उद्योग करून ती नादिया या नांवानें पडद्यावर आली. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, भरदार शरीराची ही बाई हिंदुस्थानी राजकन्या म्हणून लोक कशी स्वीकारतील, ही शंका कोणासही आली असती. १९३५ सालच्या ‘हंटरवाली’नें ती शंका पार पुसून टाकली. दुष्ट प्रधान राजाला बंदींत टाकतो. राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा चढविते, हातांत चाबूक घेते आणि गोरगरिबांची कैवारी होते. नादिया उंचावरून उड्या घेई, धडधाकट पुरुषांना डोक्यावर उचलून भिरकावी. आणि हे सारे खेळ ती स्वतः करी, तिच्या जागीं दुसरें कोणी उभें राहत नसे. चित्रपट तुफान चालला. पुढच्याच वर्षीं ‘मिस फ्रंटियर मेल’ आला आणि धांवत्या आगगाडीच्या टपावर तिनें केलेली मारामारी लोकांनीं पुन्हां पुन्हां पाहिली.

या कथांचा सांगाडा पाहिला तर तो ‘भक्त विदुरा’पेक्षां फारसा निराळा नाहीं. सत्ता अन्यायी माणसाच्या हातीं गेलेली आहे; खरा धनी कैदेंत आहे; रयत भयभीत आहे; आणि कोणीतरी उठून तें भय झुगारून देतो. आपल्या चित्रपटांतून आपण स्वातंत्र्याचा संदेश जाणूनबुजून पेरीत होतों, असें जे. बी. एच. वाडिया यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे. मग सेन्सॉरला तो कां दिसला नाहीं? कारण तो टोपी आणि शब्द शोधीत होता. हंटरवालीच्या डोक्यावर गांधी टोपी नव्हती. तिचें राज्य नकाशावर कोठेंच नव्हतें. आणि जुलूम करणारा प्रधान देशीच होता. शिवाय तिचा चाबूक अहिंसेच्या चळवळीशीं जुळणारा नव्हता. आणि सर्वांत मोठें कारण म्हणजे तिरस्कार. पोरखेळांत राजद्रोह असूं शकेल हें साहेबाच्या मनांत आलें नाहीं, आणि आपल्याकडील विद्वानांच्याही आलें नाहीं.

१९४० सालच्या ‘डायमंड क्वीन’मध्यें तर नादिया मुखवट्याशिवायच बोलूं लागली. साक्षरतेचा पुरस्कार, गुंडांचा बंदोबस्त, आणि देश स्वतंत्र व्हावयाचा असेल तर स्त्रीलाही स्वातंत्र्य दिलें पाहिजे असें रोखठोक भाषण. दहा वर्षांपूर्वीं एका शब्दासाठीं चित्रपटाचें नांव बदलावें लागलें होतें. आतां एवढें बोलणें चारचौघांत ऐकूं येऊं लागलें. याचें सारें श्रेय चाबकाला देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. १९३७ सालीं मुंबई इलाख्यांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें आणि १९३९ पर्यंतच्या त्याच्या कारकीर्दींत कात्रीची धार बोथट झाली होती. तसेंच वाडिया बंधु देशसेवेबरोबर गल्लाही पाहत होते. आणि देशी रयतेचें रक्षण करण्यास गोऱ्या रंगाची नायिका लोकांना इतकी कां भावली, हा प्रश्नही अवघड आहे. तरी एक गोष्ट शिल्लक राहते. ज्या काळीं पडद्यावरची बाई रडत होती किंवा सोसत होती, त्या काळीं ही बाई मारीत होती आणि जिंकत होती. आणि तिला टाळ्या वाजविणारा पुरुष कामगार दुसऱ्या दिवशीं मुकादमापुढें थोडा ताठ उभा राहिला नसेल, असें म्हणवत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर परीक्षणाची व्यवस्था बदलली. १९५१ सालीं एक मध्यवर्ती मंडळ आलें आणि १९५२ त नवा कायदा झाला. नादियानें १९६८ पर्यंत कामें केलीं, १९६१ सालीं होमी वाडियांशीं विवाह केला, आणि १९९६ सालीं मुंबईस तिचें निधन झालें. परंतु ज्यांच्यासाठीं एवढी ओढाताण झाली ते चित्रपट आज कोठें आहेत? आपल्याकडे सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांतले मूठभर राहिले. ‘भक्त विदुर’ नाहीं. ‘आलम आरा’ नाहीं. त्यांना सरकारनें जाळलें नाहीं. जुन्या फितींत चांदीचा अंश असतो; चित्रपट चालेनासा झाला कीं ती चांदी काढून घेण्यासाठीं फिती भट्टींत जात. उरलेल्या ओल, उष्णता आणि आग यांनीं खाल्ल्या. त्यांतही मारामारीचे चित्रपट जपण्याजोगे आहेत असें वाटणारीं माणसें फारच थोडीं. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं; तोंवर पुष्कळ उशीर झाला होता. ‘मिस फ्रंटियर मेल’ आणि ‘डायमंड क्वीन’ आज पाहावयास मिळतात हें आपलें भाग्य. तें आपल्या दक्षतेचें फळ नव्हे.

म्हणून या इतिहासांत कात्रीहून मोठा अपराध अनास्थेचा आहे. कात्रीविरुद्ध दाद मागतां येत होती, नांव बदलून चित्रपट वांचवितां येत होता. भट्टीविरुद्ध कोणतीच दाद नव्हती. तें नुकसान अजूनही संपलेलें नाहीं. एखाद्या घराच्या माळ्यावर, बंद पडलेल्या चित्रगृहाच्या अडगळींत, गंजलेले डबे अजून सांपडतात. असा डबा आढळला तर तो भंगारवाल्याच्या स्वाधीन करूं नये; जुनी फीत चटकन् पेट घेणारी असल्यानें घाईनें उघडूंही नये; पुण्यास कळवावें. न जाणो, त्यांत गांधी टोपी घातलेला विदुर शंभर वर्षें वाट पाहत बसलेला असावयाचा.