पोटगी
पोटगी : स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेली पत्नी, अपत्ये वा मातापितरे यांच्या चरितार्थासाठी कायद्याने बांधील असलेल्या व्यक्तीने द्यावयाची रक्कम. ही रक्कम सामान्यतः दरमहा दिली जाते. क्वचित ती एकरकमीही ठरविली जाते. ‘पोटगी’ हा शब्द ‘पोट’ या शब्दावरून आला आहे. जुन्या व्यवहारात याच अर्थी ‘अन्नवस्त्र’ असा शब्दप्रयोग रूढ होता. आधुनिक कायद्यात मात्र पोटगीची व्याप्ती अन्नवस्त्रापुरती मर्यादित नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ यातील व्याख्येप्रमाणे अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण व वैद्यकीय उपचार या सर्वांचा तीत अंतर्भाव होतो. अविवाहित कन्येच्या बाबतीत विवाहाचा वाजवी खर्चही त्यात धरला जातो.

प्राचीन हिंदू धर्मशास्त्राने वृद्ध मातापितरे, साध्वी पत्नी व अज्ञान अपत्य यांचे भरणपोषण हे पुरुषाचे वैयक्तिक कर्तव्य मानले. ते त्याच्याजवळ वडिलार्जित संपत्ती असण्यावर अवलंबून ठेवले नाही. गुणी पत्नीचा अकारण त्याग करणाऱ्या पतीकडून संपत्तीचा तृतीयांश व तो निर्धन असल्यास तिचे भरणपोषण देववावे, असा नियम याज्ञवल्क्यस्मृतीत आढळतो. या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा  ही टीका महाराष्ट्रात प्रमाण मानली जात असल्याने हा विचार येथील व्यवहारातही मुरला होता. तथापि पत्नीचा हक्क तिच्या आचरणावर व पतिगृही राहण्यावर अवलंबून असे. घर सोडून वेगळी राहणारी स्त्री या संरक्षणाच्या बहुधा बाहेरच पडे.

ब्रिटिश अमदानीत पोटगीची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. १८६१, १८७२ व १८८२ च्या संहितांतून ती पुढे चालत येऊन १८९८ च्या संहितेत कलम ४८८ म्हणून समाविष्ट झाली. पत्नी व औरस वा अनौरस अपत्य यांचा सांभाळ करण्याचे टाळणाऱ्या पुरुषास दंडाधिकाऱ्याने मासिक रक्कम देण्याचा आदेश द्यावा, असे या कलमाचे स्वरूप होते. निराधार स्त्रिया व मुले यांच्यावर वणवण करण्याची पाळी येऊ नये, हा तिचा मुख्य हेतू होता. पतिपत्नींमधील हक्कांचा अंतिम निवाडा करणे हा नव्हे. त्यामुळेच ती सर्व धर्मीयांना सारखी लागू झाली. मात्र रकमेवर कमाल मर्यादा घालण्यात आली : १८९८ मध्ये दरमहा ५० रुपये, १९२३ च्या दुरुस्तीने १०० रुपये व १९५५ च्या दुरुस्तीने ५०० रुपये. घटस्फोटिता ‘पत्नी’ या संज्ञेत येत नसल्याने घटस्फोट देऊन पोटगीतून सुटण्याची वाटही पतीस मोकळी होती.

विसाव्या शतकाच्या मध्यास दिवाणी कायद्यांतही महत्त्वाचे बदल घडून आले. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंमधील द्विभार्या विवाहास प्रतिबंध केला व १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाची मुभा दिली. पतीने दुसरा विवाह केल्यास पत्नीला वेगळे राहूनही निर्वाहखर्च मागता येईल, असा मध्यवर्ती कायदा १९४६ मध्येच झाला. पुढे हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याने दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी (कलम २४), कायम पोटगी (कलम २५) व अपत्यांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण (कलम २६) यांविषयी तरतुदी केल्या. पहिल्या दोन कलमांखाली पतीलाही पत्नीकडून पोटगी मागता येते. १९५६ च्या अधिनियमाने अपत्यांच्या निर्वाहाची जबाबदारी पिता व माता या दोघांवरही टाकली. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता व १९१० चे कौटुंबिक कायदे यांची परंपरा असून वेगळा करार नसल्यास पतिपत्नींची संपत्ती सामाईक मानली जाते. परिणामी विभक्त होताना पत्नीस तिच्या अर्ध्या भागावर हक्क सांगता येतो.

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम १२५ अन्वये मातापितरे व पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिता यांचा हक्कदारांत समावेश झाला. पूर्वी पती जेथे राहतो किंवा पतिपत्नी शेवटी जेथे एकत्र राहिली, तेथेच अर्ज करावा लागे. आता पत्नीला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातही तो करता येऊ लागला. माहेरी परतलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही सुधारणा रकमेइतकीच मोलाची होती. ५०० रुपयांची मर्यादा मात्र कायम राहिली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती १,५०० रुपयांवर नेली व २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती पूर्णपणे रद्द झाली. दरम्यानच्या शेहेचाळीस वर्षांत धान्य, घरभाडे व शाळेची फी यांचे दर कितीतरी पटींनी वाढले होते. याच दुरुस्तीने अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीचा प्रश्न विशेष गाजला. इंदूरच्या शाहबानो यांना दंडाधिकाऱ्याने १९७९ मध्ये दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९८० मध्ये उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हा हक्क मान्य केला. त्यानंतर १९८६ चा स्वतंत्र अधिनियम झाला. इद्दतीच्या मुदतीत पतीने करावयाची तजवीज ही स्त्रीच्या पुढील आयुष्याचाही विचार करणारी असली पाहिजे, असा त्याचा अर्थ न्यायालयाने २००१ मध्ये लावला. २०२४ मध्ये कलम १२५ चा मार्गही अशा स्त्रीला खुला असल्याचे स्पष्ट करण्यात आले.

अपत्याचा हक्क मातेच्या हक्काहून स्वतंत्र असतो. पहिली पत्नी हयात असताना विवाह झालेली हिंदू स्त्री कलम १२५ खाली पत्नी ठरत नाही, असा निर्णय १९८८ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात झाला. तरी अशा संबंधातील मुलांची पोटगी त्यामुळे बुडत नाही. पहिला विवाह लपवून फसविल्या गेलेल्या स्त्रीला २०१३ च्या निर्णयाने दिलासा मिळाला. मातापिता दोघेही मिळवते असल्यास अपत्याचा खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घ्यावा, हे तत्त्व २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारले. त्या प्रकरणात पिता व माता यांचे प्रमाण दोनास एक असे ठरले.

रक्कम ठरविताना उभयतांचे उत्पन्न व राहणीमान, अवलंबून असलेल्यांची संख्या आणि घरभाडे, शिक्षण, औषधपाणी इ. गरजा विचारात घेतल्या जातात. ज्या उत्पन्नावर एक चूल चालत होती, त्यावरच दोन चुली चालवावयाच्या असल्याने उत्पन्न लपविण्याकडे व गरजा फुगवून सांगण्याकडे कल दिसून येतो. यावर उपाय म्हणून नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही पक्षांनी मत्ता व दायित्वे यांचे शपथपत्र दाखल करण्याची पद्धत देशभर घालून दिली. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्याच वेळी ठरले. परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढविता वा कमी करता येते.

आदेश मिळाला तरी रक्कम हाती येतेच असे नाही. थकबाकीसाठी दंडाधिकाऱ्यास वसुलीचे अधिपत्र काढता येते व प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कारावास देता येतो. मात्र अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. कारावास भोगल्याने थकबाकी फिटत नाही, असे न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले. पोटगीच्या दिवाणी हुकूमनाम्यात पगाराचा केवळ एकतृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. नोकरदाराकडून वसुली त्यामुळे तुलनेने सुकर होते; शेती, मजुरी वा किरकोळ व्यापार करणाऱ्याकडून ती दुष्कर ठरते.

कुटुंब न्यायालये अधिनियम, १९८४ याने समुपदेशनावर भर देणारी स्वतंत्र न्यायालये निर्माण केली. १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रात परित्यक्तांच्या चळवळीने हा प्रश्न न्यायालयाबाहेर आणला. स्वतंत्र शिधापत्रिका, राहते घर व रोजगार या तिच्या मागण्यांवरून पोटगी हा विभक्त कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेचा केवळ एक भाग आहे, हे स्पष्ट झाले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याने सामाईक घरात राहण्याचा हक्क व आर्थिक साहाय्य एकाच कायद्यात आणून या विचारास मान्यता दिली. पोटगीच्या कायद्याचे यश आदेशांच्या संख्येवरून नव्हे, तर दरमहा वेळेवर घरात पोहोचणाऱ्या रकमेवरूनच मोजावे लागते.