तिकिटाची पाठ

नवा देश जन्मास आला की झेंडा, नाणे आणि टपालतिकीट या तीन गोष्टींवरून जग त्याला ओळखू लागते. बाल्टिक समुद्राकाठच्या लाटव्हियाने १८ नोव्हेंबर १९१८ रोजी स्वातंत्र्य पुकारले आणि बरोबर महिन्याने, १८ डिसेंबरला, आपले पहिले तिकीट काढले. पण छापावयास कागद कोठून आणावा? जर्मन लष्कराचे नकाशे पडून होते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ५ कोपेकांची तिकिटे छापली गेली! असे तिकीट उलटून पाहिले, तर कोठे नदीचे वळण, कोठे गावाच्या नावातली दोन अक्षरे हाती लागतात.

आम्हांस मात्र याहून बोलकी वाटतात ती १९२० सालची रेडक्रॉसची तिकिटे. जखमी सैनिकाची शुश्रूषा करणारी करुणामूर्ती आणि वर तांबडा क्रूस, असे हे चित्र. २० कोपेकांचे तिकीट ३० ला विकावयाचे, एका रुबलाचे एक रुबल तीसला. वरची रक्कम रेडक्रॉसला. हा अधिभार ऐच्छिक होता, हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, तो कर होता. हे दान होते. आणि संग्राहकांना नावे ठेवणाऱ्यांनी एवढे तरी मान्य करावे की, जो तिकीट विकत घेऊन अल्बमात ठेवतो, तो अधिभार तर देतोच, शिवाय पत्र वाहण्याचे श्रमही टपालखात्याला देत नाही.

आता या तिकिटांची पाठ पाहा. तेथे अर्धवट छापलेल्या नोटा आहेत, आणि त्याही शत्रूच्या! १९१९ च्या जानेवारीत बोल्शेविकांनी रीगा घेतले. २२ मे रोजी ते त्यांच्या हातून गेले. मागे राहिल्या त्यांच्या कौन्सिलच्या अपुऱ्या नोटा. त्याच वर्षीच्या शरदात बेर्मोंट-अव्हालोव्ह नावाचा सेनानी रशियन आणि जर्मन शिपायांची फौज घेऊन रीगाच्या नदीपर्यंत आला. त्यानेही स्वतःच्या नोटा काढल्या होत्या. ११ नोव्हेंबरला लाटव्हियन सैन्याने त्याला मागे रेटले, आणि त्याच्याही नोटांचे कागद हाती आले. ज्यांनी सैनिकांना जखमा केल्या, त्यांच्याच पैशाच्या पाठीवर त्या जखमांसाठी वर्गणी गोळा झाली. कोणा कवीला सुचले असते, तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते; येथे ते केवळ कागदाच्या टंचाईने घडले.

एकट्या तिकिटावर नोटेचा इवलासा तुकडाच येतो, कधी वेलबुट्टी, कधी नुसता रंग. म्हणून चार जोडतिकिटांचा ठोकळा मिळाला, तर तो कधीही फाडू नये. आणि आमच्याकडील जुने संग्राहक करीत तसे डिंकाने पानावर चिकटवणे तर सर्वस्वी टाळावे. पारदर्शक पाकिटात ठेवावे, म्हणजे पान उलटताच पाठही वाचता येते.