तिसरी गाडी

साठच्या दशकात घरात गाडी घ्यायची बोलणी सुरू झाली की निवड चटकन आटपत असे. अँबॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड. झाली यादी! गंमत अशी, की आज त्या काळाविषयी कोणी बोलायला लागले की हमखास म्हणतो, "तेव्हा दोनच तर गाड्या होत्या." मग तिसरी गेली कुठे? मला तिच्याविषयीच बोलायचे आहे. तिचे पूर्ण नाव स्टँडर्ड हेराल्ड.

जुन्या गाड्यांच्या रॅलीत मी नेहमी एक गोष्ट पाहतो. बहुतेक गर्दी रोल्सभोवती आणि लांबलचक अमेरिकन गाड्यांभोवती असते. फोटो तिथे निघतात. हेराल्ड कडेला उभी असते. पण थोड्या वेळाने एखादे गृहस्थ तिच्यापाशी रेंगाळतात, इकडेतिकडे बघतात आणि मालकाला हळूच विचारतात, "जरा बॉनेट उघडता का?" हे खरे दर्दी. कारण हेराल्डचे बॉनेट उघडणे हा बघण्यासारखा प्रकार आहे. नुसते झाकण उघडत नाही. दोन्ही मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचा अख्खा पुढचा भाग सुसरीने जबडा वासावा तसा पुढे कलतो. इंजिन, पुढची चाके, स्टिअरिंगचे सांधे, सगळे समोर उघडे. मिस्त्री चाकावर बूड टेकून निवांत काम करू शकतो. शिवाय पुढची चाके इतकी वळतात, की २५ फुटांच्या घेरात गाडी पूर्ण फिरते. गल्लीबोळांच्या शहरांत हे सुख काय असते, ते चालवणाऱ्यालाच ठाऊक.

ही सोय काही कोणाच्या दूरदृष्टीतून आलेली नव्हती, अडचणीतून आली होती. इंग्लंडमधली स्टँडर्ड-ट्रायम्फ ही कंपनी मोटारींचे सांगाडे बाहेरून बनवून घेत असे. ते बनवणारा मोठा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी बीएमसी कंपनीने विकत घेतला. आता नवी गाडी करायची तर अखंड सांगाडा देणार कोण? तेव्हा कंपनीने जग सोडून देत असलेली जुनी पद्धत पुन्हा धरली. खाली वेगळी चॅसी ठेवायची, आणि वरचा साज निरनिराळ्या लहान कारखान्यांकडून तुकड्यातुकड्यांनी करून घेऊन नटबोल्टने जोडायचा. त्या तुकड्यांना देखणे रूप दिले इटलीतल्या ट्युरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती या आरेखनकाराने. १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आली.

तुकड्यांची गाडी असल्यामुळे ती खोक्यांत भरून परदेशी पाठवणे आणि तिथे जोडणे सोपे होते. इथे आपला संबंध येतो. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर सरकारचे धोरण ठरले, की नुसते परदेशी भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. हळूहळू सगळे भाग देशातच केले पाहिजेत. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने त्यानंतर गाशा गुंडाळला. मोटारींच्या धंद्यात उरले प्रामुख्याने तिघे. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, आपल्या कुर्ल्याला प्रीमियर आणि मद्रासजवळ स्टँडर्ड. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून हेराल्ड बनू लागली. इंजिन ९४८ सीसीचे, पेट्रोलच्या बाबतीत काटकसरी.

मग ही गाडी मागे का पडली? पहिला दोष दरवाजांचा. सुरुवातीची हेराल्ड दोन दरवाजांची होती. मागे बसायचे तर पुढची सीट दुमडून वाकत शिरावे लागे. नऊवारी नेसलेल्या आजीबाईंना हे कसे जमायचे? दुसरा दोष मागच्या अ‍ॅक्सलचा. तिथे अखंड दांडा नव्हता. दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली व्हावीत म्हणून मध्ये सांधा देऊन अ‍ॅक्सलचे दोन भाग केले होते, आणि त्यावर आडवा एकच पाटा. एकटा माणूस चालवत असला तर ही रचना ठीक. पण आपल्याकडे गाडीत चारच माणसे कधी बसली आहेत? मामा, मामी, पोरे आणि डिकीत आंब्याची पेटी. एवढे वजन आले की मागची चाके फेंगडी व्हायची आणि टायर आतल्या कडेने झिजायचे. मिस्त्री लोकांना हा प्रकार मुळीच आवडत नसे.

माझ्या मते मात्र खरे कारण वेगळे आहे. अँबॅसॅडरच्या पाठीशी सरकार होते. मंत्री, कलेक्टर, सगळे तिच्यातून फिरत. फियाटच्या पाठीशी मुंबईचे टॅक्सीवाले होते. तिची शेवटची काळी-पिवळी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. रोज डोळ्यांसमोर दिसणारी गाडी लोकांच्या आठवणीत राहते. स्टँडर्डला असे ठोक गिऱ्हाईक लाभलेच नाही. ती राहिली डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या दारात. ती पिढी गेली आणि तिच्याबरोबर आठवणही.

यात एक गोष्ट झाकली गेली, आणि तिचे मला फार वाटते. इंग्लंडमध्ये हेराल्डचे उत्पादन १९७१ मध्ये थांबले. तोवर तिथे चार दरवाजांची हेराल्ड कधी निघालीच नव्हती. ती काढली मद्रासने, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. तेवढ्यावर न थांबता १९७२ साली त्यांनी 'गझेल' आणली. म्हणजे हरिण. आतून हेराल्डच, पण अंगावरचा साज इथल्या कारखान्याने स्वतः बेतलेला, आणि बदनाम अ‍ॅक्सलच्या जागी साधा, दणकट, अखंड अ‍ॅक्सल. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून गाडी बदलणे हे त्या परमिटच्या काळात नवलच होते. इतरांच्या दारी वर्षानुवर्षे नाव नोंदवून लोक थांबत होते, त्यांना बदलायची गरजच काय? पण वर्षभरात, १९७३ च्या अखेरीस पेट्रोल भडकले आणि मोटारींचा सगळा बाजारच बसला. गझेल १९७७ पर्यंत थोड्या संख्येने निघाली आणि थांबली.

पुढे १९८५ साली कंपनीने रोव्हरच्या डौलदार अंगात जुनेच दोन लिटरचे इंजिन बसवून 'स्टँडर्ड २०००' आणली. मारुतीच्या जमान्यात ती तीन वर्षांत आटोपली. एक योगायोग सांगतो. इंग्लंडमध्ये 'स्टँडर्ड' हे नाव १९६३ मध्येच टाकून दिले होते, कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ आता 'साधारण, बेताचे' असा होऊ लागला होता. आपल्याकडे मात्र 'स्टँडर्ड माल' म्हणजे चांगला माल! ते नाव मोटारींवर शेवटपर्यंत टिकले ते आपल्याच देशात.

आज हेराल्ड बाळगणारे थोडे आहेत, पण हट्टी आहेत. इंजिनाचे, ब्रेकचे, पुढच्या चाकांचे भाग इंग्लंडहून मागवता येतात. तिथे ट्रायम्फचे चाहते आणि त्यांना भाग पुरवणारे दुकानदार अजून भरपूर आहेत. चोरबाजारातही शोधले तर काहीबाही हाती लागते. अडते ते नेमके आपण केलेल्या ठिकाणी. मद्रासच्या मागच्या दरवाजाची काच, गझेलची जाळी, तिचे मागचे दिवे, हे जगात दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसत नव्हते, म्हणून कुठे मिळतही नाहीत. पत्रा ठोकून घडवणारा जुना कारागीर गाठायचा, नाहीतर दुसरी मेलेली गाडी शोधायची. तेव्हा कोणाच्या वाड्यात, गोठ्याच्या कडेला, कोंबड्यांनी घर केलेली गझेल उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एखाद्या जुन्या गाड्यांच्या वेड्याला तेवढी दाखवा. इंजिन अडकलेले असले तरी चालेल. दरवाजे पाहिजेत.